बिनसामन्यांचे महिने

नोव्हेंबर आला की मला घरात एका जागी बसवत नाही. इथे सिंगापुरात फुटबॉल लीगचा शेवटचा सामना होऊन गेलेला असतो आणि आमचा क्लब नेहमीसारखा गुणतक्त्याच्या खालच्या अंगाला लोंबकळत असतो. शनिवारी संध्याकाळी कुकर लवकर लावायचा, चपला पायात सरकवायच्या आणि स्टेडियमकडे चालायला लागायचं ही सवय अंगात तशीच राहते, फक्त जायला ठिकाण नसतं. मग मी इस्त्री काढते. इस्त्री झालेल्या कपड्यांना पुन्हा इस्त्री करते. लेक रेवा सोफ्यावरून सिंगापुरी थाटात म्हणते, “आई, रिलॅक्स लाह.” बाहेर रोज दुपारी आभाळ भरून येतं. समोरच्या ब्लॉकमधली बांबूवरची धुणी भराभर आत ओढली जातात, आणि थोड्या वेळाने मैदानाकडून विजेच्या धोक्याचा भोंगा वाजतो.

इथे बहुतेक खेळाडूंचा करार एका वर्षाचा असतो. मोसम संपला की जवळजवळ अख्खा संघ मोकळा होतो. कोण राहणार, कोण जाणार, परदेशी खेळाडूंच्या मोजक्या जागांवर कुणाला आणणार, हे नवीन वर्ष उजाडेपर्यंत कुणालाच माहीत नसतं. आणि माहीत नसल्यामुळे सगळे बोलतात. गोलकीपर बदला, स्ट्रायकर आणा, कॅप्टनला घरी बसवा. सामन्यांच्या दिवसांत आम्ही जेवढं भांडत नाही, तेवढं या रिकाम्या महिन्यांत भांडतो.

मला या भांडणाचा नाद आप्पांनी लावला. आप्पा म्हणजे माझे वडील. ज्या वर्षी ते सिंगापूरला आले त्या वर्षीचा हा मोसम. खरं तर मोसम म्हणायचा तरी कसा, एकही सामना नव्हता.

आप्पा कोल्हापूरला उद्यमनगरात एका फाउंड्रीत मोल्डर होते. वाळूचे साचे करण्यात आयुष्य गेलं. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजचं दार कुणी बघितलेलं नव्हतं. हे मी लपवत नाही, कुणी विचारलं नाही तरी सांगते. मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांतून मी बी.कॉम. झाले, कॉस्टिंगच्या परीक्षा दिल्या, आणि आता सिंगापुरात एका शिपिंग कंपनीचे हिशेब बघते. मला कुणी बोट धरून आणलेलं नाही. नवरा बोटीवर इंजिनिअर, वर्षातला बराच काळ समुद्रावर. घर, ऑफिस, रेवाची शाळा, सगळं मीच ठरवते, आणि बरं ठरवते असं माझं मत आहे.

फुटबॉल मात्र शिकून आलेला नाही, तो पेठेतून आला. बाहेरच्या लोकांना हे सांगावं लागतं, की महाराष्ट्र क्रिकेट खेळत असतो तेव्हा कोल्हापूर फुटबॉल खेळत असतं. तालमीतालमीचे संघ असतात. सामन्याच्या दिवशी पेठच्या पेठ उठून स्टेडियमला जाते, आणि दुसऱ्या पेठेकडून हरलं तर दोन दिवस लोक त्या रस्त्याने जायचं टाळतात. आप्पा मला खांद्यावर बसवून न्यायचे. पाढे पाठ व्हायच्या आधी मला ऑफसाइड कळत होता. नोकरी सुटल्यावर तर तालमीच्या कट्ट्यावरच त्यांचा मुक्काम असायचा. नवीन पोरगं संघात घ्यायचं असलं की आधी कट्ट्यावरच्या चार म्हाताऱ्यांना दाखवायचं, असा तिथला रिवाज. त्या चारांत आप्पा.

आई गेली आणि आप्पा एकटे पडले. मी एकुलती. मी ठरवलं की त्यांना इकडे आणायचं, आणि कायमचं ठेवायचं. मी काही ठरवते तेव्हा अर्धवट ठरवत नाही. जुरोंग ईस्टला एक जुना फ्लॅट शोधला, त्यात त्यांच्यासाठी वेगळी खोली. कितीतरी जुन्या ब्लॉकमध्ये लिफ्ट दर मजल्यावर थांबत नाही. म्हाताऱ्या माणसाला जिना नको म्हणून मी आमच्या मजल्यावर थांबणारी लिफ्ट बघूनच घर घेतलं. खाली दवाखाना, पलीकडे भाजी, आणि मुख्य म्हणजे क्लबचं स्टेडियम चालत जाण्याच्या अंतरावर. फोनवर मी त्यांना दुसरं कसलं आमिष दाखवलंच नाही. “आप्पा, स्टेडियम घराजवळ आहे. खरे पगारी खेळाडू. रोज बघा.”

“बगू,” आप्पा म्हणाले.

तिकीट मी आधीच काढलं होतं, डिसेंबरचं. कोल्हापुरात थंडी पडली की फुटबॉल सुरू होतो आणि उन्हाळाभर चालतो. माझ्या डोक्यात फुटबॉल आणि थंडी ही एकच गोष्ट होती. इथे येऊन इतकी वर्षं झाली, पण नोकरी आणि मूल यांच्या रेट्यात मी एकही सामना बघितलेला नव्हता. इथला मोसम कधी असतो हे कुणाला विचारावं असं मनातसुद्धा आलं नाही. ज्या गावात थंडीच पडत नाही तिथे मी थंडीतला फुटबॉल गृहीत धरला.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पा पांढरा शर्ट घालून, केसांना तेल लावून तयार. मी शनिवारचं ऑफिस लवकर आटपून त्यांना घेऊन गेले. फाटकाला कुलूप होतं. रखवालदार म्हणाला, “सीझन ओव्हर.”

“काय म्हनतोय?”

“मोसम संपलाय म्हणतोय, आप्पा. आता मार्चात.”

आप्पांनी फाटकाच्या गजांतून आत बघितलं. गवत हिरवंगार होतं, आखलेल्या रेषा पावसाने पुसट झाल्या होत्या. “आमचा तिकडं आत्ता सुरू झाला की,” ते म्हणाले. एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. कोल्हापूरचा सगळा मोसम सोडून माणूस माझ्या सांगण्यावरून आला होता, आणि मी त्याला कुलूप दाखवत होते.

तिथेच छपराखालच्या बाकावर एक चिनी गृहस्थ क्लबची जर्सी घालून बसले होते. ते अंकल लिम. निवृत्त होण्यापूर्वी बस चालवायचे. सामना नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण शनिवार होता आणि घरात करमत नव्हतं. “यू ऑल्सो?” त्यांनी आप्पांना विचारलं. आप्पांना इंग्रजी येत नाही, पण बाकावर सरकून दिलेली जागा त्यांना समजली.

अंकल लिमनी सांगितलं, की सामने नसले तरी सकाळी सराव असतो. नव्या मोसमासाठी क्लब पोरं आजमावून बघतोय. कुठून कुठून येतात, चार-आठ दिवस खेळतात, एखाद्याला ठेवतात, बाकीचे परत जातात. हे मी आप्पांना सांगितलं आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला. पोरं बघायची हे काम त्यांच्या ओळखीचं होतं.

मग रोज सकाळी मी ऑफिसला निघायची आणि ते मैदानाला. दोघे म्हातारे तारेच्या कुंपणाला टेकून उभे राहायचे. ढग आले की भोंगा वाजायचा, आणि भोंगा वाजला की सगळ्यांनी मैदान सोडायचं हा इथला नियम. आप्पांना तो अजिबात पटला नाही. “पाऊस अजून पडायचाय, आन् हे पळालं बी! आमची पोरं चिखलात लोळत्यात.” वीज कुठे दूर चमकत असेल नसेल, मैदान रिकामं, आणि आप्पा घरी. मी फोन करायची तर रेवा सांगायची, “आजोबा विंडोमध्ये स्टँडिंग.” खिडकीतून उठायचे, दारापर्यंत जायचे, परत खिडकीत. भोंगा थांबला की खाली, वाजला की वर. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबते याचा उपयोग मी कल्पिला होता त्यापेक्षा जास्त झाला.

रविवारी आम्ही कोपऱ्यावरच्या कॉफी शॉपात जमायचो. आप्पा, अंकल लिम, मी, आणि एक देशपांडे. देशपांडे बँकेत मोठ्या हुद्द्यावर, राहायला मरीन परेडच्या कॉन्डोमध्ये. मूळचे पुण्याचे, माझ्या नवऱ्याचे मित्र, म्हणून मला वहिनी म्हणायचे. त्यांच्या मुलाचा बुद्धिबळाचा क्लास जुरोंग ईस्टला होता, तो सुटेपर्यंत ते आमच्या टेबलाशी अडकलेले. फुटबॉल त्यांनाही आवडायचा, पण इंग्लंडातला, टीव्हीवरचा.

“वहिनी, हा काय फुटबॉल आहे का? काकांना माझ्याकडे घेऊन या. मोठ्या स्क्रीनवर दाखवतो, खरा.”

“त्यात आपला कोन असतोय?” आप्पांनी विचारलं.

“आपला म्हणजे? मी पाठीराखा आहे ना त्या क्लबचा. वीस वर्षं.”

“त्यांना ठावं हाय का?”

देशपांडे हसले, पण कॉफी जरा जोरात ठेवली.

टेबलावर संघ मांडला जायचा. पोपटी लिंबांच्या फोडी म्हणजे मधली फळी, मिरचीच्या वाट्या म्हणजे बॅक, आणि सोया सॉसची बाटली म्हणजे कॅप्टन. कॅप्टन सदतिशीचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू. बाटलीच का, असं मी विचारल्यावर अंकल लिम म्हणाले, “बिकॉज ही ऑल्सो नेव्हर मूव्ह.” कॅप्टनला ठेवायचं की सोडायचं हा त्या मोसमाचा मुख्य वाद होता. वर्तमानपत्रात त्याचं नाव यायचं नाही, पण आमच्या टेबलावर ते दर रविवारी निघायचं.

सुरुवातीला मी दोन्हीकडचं भाषांतर करायची. अंकल लिम टेबलावर बोट आपटून म्हणायचे, “नो स्ट्रायकर, नो गोल. नो गोल, गो होम!” मी ते मराठीत सांगायच्या आत आप्पा सुरू व्हायचे, “ह्याला म्हनावं आदी गोल खायचं बंद करा. डावी बाजू म्हंजे धर्मशाळा झालीया.” थोड्या दिवसांनी त्यांना माझी गरज उरली नाही. आप्पा कोल्हापुरीत बोलायचे, अंकल लिम सिंग्लिशमध्ये, म्हणजे इथल्या बोली इंग्रजीत, आणि लिंबाच्या फोडी इकडच्या तिकडे सरकायच्या. माझ्याही तोंडात जुनी बोली परत आली. आमच्याकडे मुली ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. आप्पांशी मी तसं बोलायला लागले की देशपांड्यांच्या भुवया वर जायच्या. जाऊ देत. पुण्यात कॉन्फरन्सला गेले की मी त्यांच्यासारखं बोलून दाखवते. कोल्हापुरासारखं बोलून दाखवणं त्यांना जमणार नाही.

आजमावायला आलेल्या पोरांची खरी नावं आम्हाला माहीत नसायची. आप्पांनी ठेवलेली नावं चालायची. लांबडा, तांबड्या बुटांचा, गप्पगार. गप्पगार म्हणजे बुटका, डावखुरा, कुणाशी न बोलणारा. अंकल लिम त्याला सायलेंट म्हणायचे. एवढ्या एका बाबतीत दोघांचं एकमत होतं.

एका रविवारी देशपांड्यांनी अमेरिकेचा विषय काढला. तिथे वेगळ्या जातीचा फुटबॉल असतो, हाताने धरून पळायचा, पण नवे खेळाडू वाटून घ्यायची पद्धत भारी आहे, म्हणाले. गेल्या वर्षी जो संघ सगळ्यांत खाली, त्याने पहिल्यांदा निवडायचं. मग त्याच्या वरचा. जिंकलेला सगळ्यांत शेवटी. त्याला ड्राफ्ट म्हणतात.

आप्पांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. “म्हंजे हरलेल्याला आदी वाढायचं?”

“हो, काका.”

“आन् जिंकलेला गप बसतोय?”

“नियमच आहे ना.”

“लई भारी,” आप्पा म्हणाले. “आमच्यात हा नियम काढला तर दंगल हुईल.” मग खुर्ची पुढे ओढली. “चला, करूया.”

ते चौघांचं ड्राफ्ट मला आजही दिसतं. बाहेर पाऊस, पंख्याचा आवाज, शेजारच्या टेबलावर लोक आमच्याकडे वळून बघतायत. सगळ्यांत खाली कोण यावर आधी वाद झाला. अंकल लिम म्हणाले, सगळ्यांत नवा तो सगळ्यांत खाली, म्हणून पहिली निवड आप्पांची. आप्पांनी क्षणभरही न थांबता एक मिरचीची वाटी उचलून स्वतःकडे ठेवली. “गप्पगार. डावा बॅक.”

देशपांड्यांनी कपाळावर हात मारला. “काका, पहिली निवड लेफ्ट बॅक? जगात कुणी पहिला लेफ्ट बॅक घेत नाही! तांबड्या बुटांचा तो स्ट्रायकर मोकळा सोडलात?”

“ह्यांनी गेल्या साली गोल कुठनं खाल्लं ते इचार लिमला.”

मी विचारलं. अंकल लिमनी गंभीरपणे विचार केला. “लेफ्ट,” ते म्हणाले. मग म्हणाले, “राइट ऑल्सो. मिडल ऑल्सो.”

आम्ही इतके हसलो की मालकीणबाई बघायला आल्या. अंकल लिमनी अर्थातच स्ट्रायकर उचलला. देशपांड्यांनी लांबडा गोलकीपर घेतला. माझी पाळी आली आणि मी सोया सॉसची बाटली उचलली.

“वहिनी! सदतीस वर्षांचा माणूस?”

“खेळवायला कोण सांगतंय?” मी म्हटलं. “संघात असू दे. अनुभव आहे. त्याने क्लबसाठी इतकी वर्षं दिली, आता क्लबने त्याला नीट ठेवावं. जागा द्यावी, मान द्यावा. धावायला कशाला लावायचं?”

मी पोटतिडकीने बोलत होते. आप्पा माझ्याकडे बघत होते.

“त्यानं करायचं काय मग?” त्यांनी विचारलं.

“बेंचवर बसायचं. आरामात.”

“सराव?”

“थोडा. झेपेल तेवढा.”

“आन् सामना?”

“बघायचा. पहिल्या रांगेतनं.”

आप्पांनी बाटली हातात घेतली, फिरवून बघितली. “आन् त्याचं काय म्हननं हाय?”

“कुणाचं?”

“कॅप्टनचं. त्याला इचारलंय का कुनी?”

“खेळ चाललाय आप्पा,” मी म्हटलं.

“हां. खेळच की,” असं म्हणून त्यांनी बाटली माझ्यासमोर ठेवली आणि चहा संपवला. देशपांडे दुसऱ्या फेरीत कोण हे बोलत होते. मला ते ऐकू येत नव्हतं. ऑफिसमध्ये एखादी बेरीज जुळलेली दिसते आणि तरी आत कुठेतरी माहीत असतं की एक नोंद राहिली आहे, तसं झालं. फ्लॅट मी बघितला होता. लिफ्ट, दवाखाना, व्हिजिट पास लांबवायची माहिती, विम्याचं काय ते, सगळं मी बघितलं होतं. आप्पांना मात्र मी तिकीट काढल्यावरच फोन केला होता.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी आप्पा त्यांच्या खोलीच्या खिडकीत उभे होते. खाली, ब्लॉकांच्या फटीतून दिसणाऱ्या मैदानावर सराव चालू होता, आभाळ अजून उघडं होतं. मी चहा घेऊन गेले.

“संगे, मी पुढच्या महिन्यात जातो.”

ते हे म्हणणार हे मला रात्रीपासून कळलं होतं. तरी मी भांडले. गप्प राहण्याचा माझा स्वभाव नाही. “तिथं कोण आहे तुमचं? आजारी पडला तर कोण बघणार? मी इथं, जावई समुद्रावर. आणि ही खोली मी कुणासाठी घेतलो?”

“खोली चांगली हाय. वारा येतोय.”

“मग राहायला काय होतंय?”

आप्पा खाली बघत होते. गप्पगारने डावीकडून चेंडू वर आणला होता आणि कुणाला द्यावा हे न समजून परत मागे दिला होता.

“तिथं मी एखाद्या पोराला घ्या म्हनतो,” आप्पा म्हणाले, “आन् ते पोरगं वाईट खेळलं, तर दुसऱ्या दिवशी पानपट्टीवाला मला धरतोय. दूधवाला धरतोय. ‘म्हाताऱ्या, डोळं गेलं काय तुझं?’ म्हनून शिव्या घालत्यात. आठवडाभर तोंड लपवून हिंडतो मी.” हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला होता. “इथं माझं चुकलं तर कोन काय म्हननार हाय? तू म्हननार, आप्पा चहा घ्या. लिम म्हननार, ओके ओके. मानसाला कुनीतरी शिव्या द्यायला पायजेत गं.”

मी म्हटलं, “मी देतो की शिव्या.”

“तुला कुठं येत्यात,” आप्पा म्हणाले. “तू शिकल्याली.”

हे त्यांनी कौतुकानेच म्हटलं. त्यांनी माझ्या फीसाठी ओव्हरटाइम केला होता, माझा निकाल त्यांनी तालमीच्या कट्ट्यावर वाचून दाखवला होता. त्या सकाळी मात्र तो शब्द माझ्या आणि त्यांच्यामध्ये एखाद्या टेबलासारखा आडवा आला. मी शिकले म्हणून त्यांना इथे आणू शकले. त्यांनी इथे राहावं म्हणून मी काय शिकायला हवं होतं, ते मला कुठल्याच कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

ते गेले. मी रागात होते, आणि तो राग बरेच दिवस पुरला. त्यांची खोली मी बंद ठेवली. रेवा विचारायची, “व्हाय आजोबा गो होम? आवर होम नॉट नाइस, इज इट?” मी तिला गृहपाठ करायला लावायची.

मार्चात मोसम सुरू झाला आणि मी पहिल्यांदा सामन्याला गेले. ठरवून गेले नाही, पाय घेऊन गेले. गंमत अशी की मी त्या संघाला एकदाही खेळताना बघितलेलं नव्हतं आणि प्रत्येकाच्या खोडी मला पाठ होत्या. कुणाचा उजवा पाय दुबळा, कोण उडी मारायला कचरतो, कोण पंचाशी हुज्जत घालतो. अंकल लिमनी माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. कॅप्टन संघात नव्हता. तो दुसरीकडे लहान मुलांना शिकवायला गेला, असं लिमनी सांगितलं. त्याने स्वतःच नको म्हटलं म्हणे. आणि डाव्या बॅकला गप्पगार होता. क्लबने त्याला खरंच घेतलं होतं.

तो भयंकर खेळला. त्या दिवशी खेळला, पुढच्या सामन्यात त्याहून वाईट खेळला. डावीकडून माणसं आत शिरत होती आणि तो एकेकाला वाट देत होता. तिसऱ्या सामन्यानंतर अंकल लिम माझ्याकडे वळले. चेहरा लालबुंद. “युवर फादर! फर्स्ट पिक! फर्स्ट पिक, यू नो!” मग म्हणाले, फोन लाव त्याला.

मी स्टेडियमबाहेरच्या दुकानातून कॉलिंग कार्ड घेतलं आणि तालमीशेजारच्या किराणावाल्याच्या दुकानात फोन लावला. आप्पांना बोलवून आणलं गेलं. मी फोन अंकल लिमच्या हातात दिला. त्यांनी त्यांच्या भाषेत, इंग्रजीत, कुठल्या कुठल्या भाषेत, श्वास न घेता आप्पांची खरडपट्टी काढली. ‘ब्लाइंड’ हा शब्द मला अनेकदा ऐकू आला. पलीकडून आप्पा ओरडत होते, “त्याला कवर द्या की रं! मधला हाफ झोपतोय, पोरगं काय करंल!” दोघांपैकी कुणीही दुसऱ्याचं ऐकत नव्हतं. शेवटी फोन माझ्याकडे आला.

“लई तापलाय लिम,” आप्पा म्हणाले. आवाज इतका खूश होता की कार्डातले पैसे संपेपर्यंत मी त्यांनाच बोलू दिलं.

तेव्हापासून रविवारी फोन होतो. आता त्यांच्याकडे मोबाइल आहे, किराणावाल्याला त्रास नाही. आधी आमचं बोलणं म्हणजे जेवलीस का, जेवलो, पाऊस आहे का, आहे, ठेवतो. आता पहिल्या वाक्यापासून वाद. गप्पगारला वर्षभरात सोडलं. त्याच्या जागी आला तोही गेला. देशपांड्यांची बदली हाँगकाँगला झाली. क्लब दर वर्षी नव्याने जमतो आणि जुन्याच जागेवर येऊन थांबतो. आप्पांच्या खोलीचं दार मी उघडलं आहे. त्यात रेवाचा कीबोर्ड आहे, माझं कपाट आहे, इस्त्रीचं टेबल आहे. पण नोव्हेंबर आला की मी त्या खिडकीत जाऊन उभी राहते आणि माझं काहीतरी कुठेतरी सुरू झालंय आणि मी तिथे नाही, असं वाटायला लागतं. त्या वर्षी आप्पांना इथे उभं राहून काय होत होतं ते मला आता कळतं. कळून उपयोग काय, पाय तर थांबत नाहीत.

गेल्या रविवारी फोन आला तेव्हा आप्पांचा आवाज कामाचा होता. तालमीचा संघ बांधायचाय. एक बॅक मुंबईला नोकरीला लागला, एकाचा गुडघा गेला. तीन पोरं बघितलीत, एकच जागा आहे. कट्ट्यावर दोन म्हातारे एकीकडे, दोन दुसरीकडे. तिघांचं वर्णन त्यांनी केलं. एक चपळ पण घाबरट, एक दांडगा, एक नुसताच शहाणा.

“तुला काय वाटतंय?” त्यांनी विचारलं.

“मी बघितलो कुठं त्यांना, आप्पा? न बघता काय सांगू?”

पलीकडे कुणीतरी चेंडू भिंतीवर मारत होतं.

“मग ये की,” आप्पा म्हणाले. “बघ, आन् सांग.”

लग्न होऊन मी इतकी वर्षं दूर आहे, पण आप्पांनी मला कधी ये म्हटलेलं नाही. कामं सांभाळ, पोरगीची शाळा बघ, सवडीनं ये, असंच म्हणायचे. आई आजारी होती तेव्हासुद्धा त्यांनी बोलावलं नव्हतं, माझी मीच गेले होते.

डिसेंबर म्हणजे आमच्याकडे वर्षअखेरीचे हिशेब. या नोकरीत मी डिसेंबरात एक दिवस रजा घेतलेली नाही, आणि या गोष्टीचाही मला अभिमान होता. सोमवारी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन पंधरा दिवसांची मागितली. त्यांनी चष्मा काढला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मागतेय, तेही आत्ता, म्हणजे घरी काहीतरी वाईट घडलं असणार, असं त्यांना वाटलं. हळू आवाजात विचारलं, घरी कुणी सीरियस आहे का?

“नाही,” मी म्हटलं. “संघ निवडायचाय.”